नऊ महिने वर्गणी भरून: सोलापूरच्या इतिहासाच्या पाक्षिकाचा अनुभव

गेल्या ऑगस्टात आमच्या सोलापूरच्या इतिहासावरचं पाक्षिक वर्गणीचं झालं, तेव्हा मी चिडले होते. एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांचे दोन विद्यार्थी ते चालवतात. पाच वर्षं दर पंधरवड्याला पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर यायची, कुणी पैसे मागितले नव्हते. आता एकदम महिन्याला ६० किंवा वर्षाला ६०० रुपये. रक्कम जड नव्हती. गावाचाच इतिहास गावाला विकायचा, हे पटत नव्हतं.

ते प्राध्यापक, म्हणजे आमचे सर, मला हिराचंद नेमचंद वाचनालयात भेटले तेव्हा मी तसं बोललेही. त्यांनी पिशवीतून खर्चाची वही काढली आणि पुढ्यात ठेवली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं जाण्यायेण्याचं तिकीट, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात काढलेल्या प्रती, मोडी वाचून देणाऱ्याचं मानधन. एका लेखासाठी तीन खेपा झाल्या होत्या, आणि पाच वर्षं हे सगळं पेन्शनमधून चाललं होतं. मी तिथेच वर्गणीदार झाले.

पैसे भरण्याची सोय चांगली आहे. मी यूपीआय ऑटोपे लावलं. हप्ता कापायच्या आदल्या दिवशी सूचना येते. बंद करायचं असेल तर आपल्याच ॲपमधून मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेली परवानगी, रद्द होतं, कुणाला फोन करून कारणं द्यावी लागत नाहीत. ज्यांच्याकडे यूपीआय नाही ते सकाळच्या पेपरवाल्याकडे रोख देतात. नोव्हेंबरात माझ्या खात्यात शिल्लक नव्हती, हप्ता गेला नाही आणि यादीतून माझं नावच उडालं. कळवल्यावर त्याच संध्याकाळी अंक आला, पण आधी एक आठवण यायला हवी होती.

खरी चूक दुसरीच होती. सप्टेंबरात त्यांनी गिरण्यांवरची लेखमाला सुरू केली, १८७७ सालच्या जुन्या मिलपासून पुढे, आणि ती फक्त वर्गणीदारांसाठी ठेवली. वर ‘कृपया फॉरवर्ड करू नये’ अशी ओळ. ज्यांनी त्या गिरण्यांत आयुष्य काढलं, त्यांच्यातल्या किती जणांनी वर्गणी भरली असेल?

माझे सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. आम्ही त्यांना मामा म्हणतो. घरी तेलुगू, शिक्षण तेलुगू शाळेत चौथीपर्यंत. मराठी फर्डं बोलतात, पण वाचताना अडखळतात. मी त्यांना लेख वाचून दाखवला. एका फोटोखाली ‘साचाखात्यातील कामगार’ असं छापलं होतं. साचा म्हणजे कापड विणायचा माग. मामांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “सुनबाई, हे साचाखातं नव्हे. साचा कुठं दिसतोय? या बॉबिनी बघ. आणि एवढ्या बाया बसल्यात. बाया वाइंडिंगला असायच्या, सूत गुंडाळायला. हे वाइंडिंग खातं.”

मी सरांना कळवलं. त्यांनी पुढच्या अंकात दुरुस्ती छापली. पण माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. लेख बाहेर येऊन तीन आठवडे झाले होते, आणि तोवर एकाही वाचकाने ही चूक दाखवली नव्हती. ती ओळखू शकणारी माणसं कुलपाच्या बाहेर उभी होती. मी सरांना तेही लिहिलं, जरा तिखटच लिहिलं.

त्यांनी मग लेख महिनाभर वर्गणीदारांना आणि नंतर सगळ्यांना, असं सुरू केलं. हा मधला मार्ग मला कधीच पटला नाही, आणि जानेवारीत तो त्यांनाही पटेनासा झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. मे १९३० मध्ये लागलेला मार्शल लॉ आणि त्या चौघांवरचा खटला यावरचा लेख नेमका त्या दिवशी यायचा होता. नियम पाळला असता तर गावाला तो फेब्रुवारीत वाचायला मिळाला असता. संक्रांतीच्या सुमाराला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जाणारी माणसं चार हुतात्मा चौकातून जाणार, पुतळ्यांना हार घातलेले बघणार, आणि त्या चौघांवरचा लेख महिनाभर बंद! सरांनी तो लेख पहाटेच सगळ्यांना पाठवला. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तो सकाळी आठपर्यंत चार जणांनी टाकला होता.

तेव्हापासून मजकूर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुला आहे. वर्गणीदारांना मूळ कागदांच्या स्वच्छ प्रती, नकाशे आणि दर तीन महिन्यांनी छापील अंक मिळतो. छापील अंकाचा कागद जाड आहे, नकाशा टेबलावर नीट पसरता येतो. मला एवढं पुरेसं वाटतं. मोडी कागदांचं लिप्यंतर मात्र अजून वर्गणीदारांपुरतंच आहे. मोडी शिकणाऱ्या पोरांसाठी तरी ते खुलं करावं, हे मी दोनदा सांगून झालंय.

सवलतीचंही असंच सुधारत गेलं. सुरुवातीला मोफत अंक हवा असेल तर ‘आर्थिक अडचण थोडक्यात लिहा’ असं होतं. शेजारच्या काकू विड्या वळतात, त्यांना वाचायची फार हौस. तो फॉर्म मी त्यांना उघडून दिला, तर त्यांनी फोन परत माझ्या हातात ठेवला. “एवढं सांगून कशाला वाचायचं गं?” आता फक्त ‘हवा’ असं लिहून पाठवायचं, दुसरं काही विचारत नाहीत. काकूंना छापील अंकसुद्धा घरपोच येतो.

ज्यांची नजर कमी झालीय त्यांच्यासाठी एक सांगायलाच हवं. सुरुवातीचे अंक जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये होते. डोळ्यांना मराठी दिसायचं, पण फोनला वाचायला लावलं की अर्थ नसलेली अक्षरं ऐकू यायची. मार्चपासून मजकूर युनिकोडमध्ये येतो आणि फोन तो सरळ वाचून दाखवतो. शिवाय एक विद्यार्थी स्वतः वाचून ध्वनिफीत करतो. ती अंकानंतर चार-पाच दिवसांनी येते, हा उशीर कमी व्हायला हवा. मामा दुपारी जेवण झाल्यावर ती लावून ऐकतात आणि मध्येच थांबवून मला हाक मारतात.

इतिहासाची आवड असेल आणि ६०० रुपये देणं जमत असेल, तर वर्गणी जरूर भरा. पैसे कुठे जातात ते वहीत दिसतं, आणि मागणाऱ्याला कुणी लहान करत नाही. जमत नसेल तर ‘हवा’ लिहा.

तेलुगूतही ध्वनिफीत हवी, असं मी गेल्या महिन्यात सुचवलं होतं. सरांनी मामांनाच विचारलंय. रविवारी ते दोघे विद्यार्थी फोन घेऊन घरी येणार आहेत, आणि मामांनी कालपासून मला गिरणीवरचा पहिला लेख तिसऱ्यांदा वाचायला लावलाय.