जगभर फिरून झालं, आता गाडी घरी कशी आणायची? कंटेनर, रो-रो, तिबेटचा रस्ता आणि विमान

महाराष्ट्राच्या नंबरप्लेटची गाडी घेऊन जगप्रवासाला निघालेलं जोडपं जाण्याचा मार्ग वर्षभर आधी आखतं. परतीचा विचार सुरू होतो तो शेवटच्या खंडात पोचल्यावर, आणि तेव्हा हातात पर्याय थोडे उरलेले असतात. म्यानमारमधून मणिपूरला उतरणारा रस्ता फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर प्रवाशांच्या हिशेबातून गेला. अटारीची चौकी एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. गाडी बाहेरच विकून दोघांनी विमानाने यावं, तर कार्नेटवर (गाडी ड्यूटी न भरता तात्पुरती परदेशात नेण्याचं, कस्टम्सला हमी देणारं पुस्तक) नेलेली गाडी तिथली पूर्ण ड्यूटी भरल्याशिवाय विकता येत नाही. मग उरतं काय? समुद्रमार्गे कंटेनर, समुद्रमार्गे रो-रो, तिबेट-नेपाळचा रस्ता, आणि मोटरसायकल असेल तर विमान.

यातली निवड बहुतेक जण जहाजभाड्याचा आकडा बघून करतात. तिथेच फसतात. भाडं हा खर्चाचा एक तुकडा असतो. खरा निकाल लावतात त्या तीन गोष्टी: कार्नेटची तारीख, गाडीची उंची, आणि आरसीवर दोघांपैकी कुणाचं नाव आहे.

आधी कार्नेट उघडून बघा

मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या संस्थेकडून मिळणारं कार्नेट एक वर्ष चालतं. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. खालचा देशात शिरताना कस्टम्सवाले फाडून ठेवतात, मधला बाहेर पडताना, आणि वरचा पुस्तकात राहतो. त्या वरच्या तुकड्यावर आत आणि बाहेर असे दोन्ही शिक्के हवेत. एका देशाचा ‘बाहेर’ शिक्का नसेल, तर कागदोपत्री गाडी अजून त्याच देशात आहे आणि तुमची बँक गॅरंटी अडकलेली आहे.

म्हणून जहाज ठरवण्याआधी मुदत मोजा. युरोपातून न्हावा शेवाला सुएझमार्गे येणाऱ्या जहाजाला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून बऱ्याच कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, म्हणजे आणखी दहा ते चौदा दिवस. वाटेत कंटेनर दुसऱ्या जहाजावर चढवायचा असेल तर तिथलं थांबणं वेगळं. कार्नेटची दोन महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली असेल, तर गाडी बंदरात द्यायच्या आधी मुदतवाढ मागा. मुदत संपल्यावर मागितलेली वाढ म्हणजे पत्रव्यवहाराचं नवं पर्व.

कंटेनर

वीस फुटी साध्या कंटेनरची आतली लांबी ५.९ मीटर, रुंदी २.३५ मीटर आणि दाराची उंची सुमारे २.२८ मीटर असते. फॉर्च्युनर ४.८ मीटर लांब, १.८६ रुंद आणि १.८४ उंच, थारही आरामात बसते. अडचण छताची. रूफ रॅकवर तंबू घडी करून ठेवला तरी तीस-चाळीस सेंटीमीटर वाढतात, दारात जेमतेम चार सेंटीमीटर उरू शकतात, आणि गाडी अडकू शकते. टायरची हवा काढून दोन-तीन सेंटीमीटर मिळतात, त्यापलीकडे तंबू उतरवून गाडीच्या आत ठेवणं हाच उपाय. बोल्ट काढायला लागणारी पाना-चावी सामानाच्या तळाशी गाडू नका.

रुंदीचा हिशेब लोक विसरतात. फॉर्च्युनर मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना पंचवीस सेंटीमीटरही उरत नाहीत. चालवत आत नेणारा माणूस बाहेर कसा येणार? आपली गाडी उजव्या हाताची, म्हणून ती डाव्या भिंतीला चिकटवून उभी करायची. आरसे मिटलेले, उजवीकडे चाळीस सेंटीमीटरच्या आसपास जागा. एवढ्यात दार किलकिलं करून निसटता येतं. नाही जमलं तर खिडकीतून.

आत गेल्यावर हँडब्रेक लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. पट्टे चाकांवरून किंवा टो-हुकवरून घ्यावेत, सस्पेन्शनच्या दांड्यांवरून नव्हे. समुद्रात कंटेनर हलतो, गाडी स्प्रिंगवर वरखाली होते आणि पट्टे ढिले पडतात, म्हणून चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे खिळ्यांनी ठोकून घ्यायचे. टाकीत पाव टाकीपेक्षा कमी इंधन. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी. गॅसचं सिलिंडर आणि भरलेले जेरीकॅन बाहेर. घरच्यासारखी व्यवस्था करून लिथियमची मोठी बॅटरी बसवली असेल तर ती फॉरवर्डरला (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटला) लेखी कळवा. लपवलेली बॅटरी सापडली तर कंटेनर जहाजावर चढत नाही. शेवटी दार बंद होताना सील नंबरचा फोटो काढा. तो नंबर बिल ऑफ लेडिंगवरच्या, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरच्या, नंबराशी जुळला पाहिजे.

चाळीस फुटी कंटेनरमध्ये दुसऱ्या प्रवाशाच्या गाडीबरोबर वाटणी केली की भाडं बरंच उतरतं. मात्र समोरच्याचे कागद अपुरे निघाले तर तुमचीही गाडी त्याच्याबरोबर कुजते. दोघांची बिल ऑफ लेडिंग वेगळी काढून घ्या, आणि तरीही ओळख-पाळख नसलेल्याबरोबर हा व्यवहार टाळावा.

रो-रो

रो-रो म्हणजे गाडी चालवत जहाजात चढवायची आणि चालवत उतरवायची. फोर्स ट्रॅव्हलरसारखी उंच गाडी घर बनवून नेली असेल, तर ती साध्या वीस फुटी कंटेनरमध्ये जाणारच नाही. उंच दाराच्या चाळीस फुटी कंटेनरमध्येही दार २.५८ मीटरचंच असतं, आणि त्यात छतावरचा पंखा आणि सोलर पॅनल धरायला हवेत. अशांना रो-रोच.

दोन्हींची तुलना अशी:

| | कंटेनर | रो-रो |
|---|---|---|
| भाडं कशावर | पूर्ण कंटेनरवर | गाडीच्या घनमीटरवर |
| किल्ली | तुमच्याकडे, दाराला सील | बंदरातल्या लोकांकडे |
| आतलं सामान | चालतं, यादी द्यावी लागते | बहुतेक कंपन्या रिकामी गाडी मागतात |
| चोरीची भीती | कमी | सैल वस्तूंची जास्त |
| भारतातली बंदरं | न्हावा शेवा, मुंद्रा, चेन्नई वगैरे, पर्याय भरपूर | मोजकी |

घनमीटरचा हिशेब स्वतः करा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, आणि त्यात मागचं स्पेअर चाक, शिडी, रूफ रॅक सगळं धरायचं. एक शिडी काढून ठेवली तर अर्धा घनमीटर वाचू शकतो. आणखी एक गोष्ट. रो-रो जहाजांचा भारतातला मोठा धंदा इथल्या कारखान्यांच्या गाड्या बाहेर नेण्याचा आहे. त्यामुळे मुंबई, एन्नोर किंवा पिपावावला जाणारं जहाज तुमची गाडी त्याच बंदरात उतरवून देईल का, हे आधी लेखी घ्यावं.

विमा दोन्हींत घ्यायचाच. मालाचा सागरी विमा ‘ए’ कलमाखाली असेल तर बहुतेक जोखमी धरल्या जातात, ‘सी’ कलमाखाली फक्त आग, जहाज बुडणं, टक्कर यांसारखे मोठे अपघात. वापरलेल्या गाडीच्या ओरखड्यांना पॉलिसीत सहसा वगळतात, म्हणून गाडी देताना चारही बाजूंचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो हवेत. विमा वाचवून काय होतं? २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाबाबत ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर झालं, म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चात मालाच्या मालकांनीही वाटा उचलायचा. रो-रोमध्ये भीती आगीची. मार्च २०२२ मध्ये फेलिसिटी एस हे जहाज आगीनंतर अटलांटिकमध्ये बुडालं, त्यावर सुमारे चार हजार गाड्या होत्या.

न्हावा शेवाला पोचल्यावर

खरे पैसे इथे जातात. कंटेनर उतरला की दोन घड्याळं सुरू होतात. एक जागेच्या भाड्याचं, जे बंदर किंवा सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनर ठेवण्याचं आणि उघडण्याचं ठिकाण) घेतं. दुसरं कंटेनर अडवून ठेवल्याचं, जे जहाज कंपनी घेते आणि जे सहसा डॉलरमध्ये असतं. दोन्हींना सुरुवातीचे काही दिवस फुकट असतात. ते किती, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

गाडी सोडवण्यासाठी सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करणारा एजंट, गाठायचा तो जहाज निघाल्यावर, पोचल्यावर नव्हे. त्याला पहिलाच प्रश्न विचारा: कार्नेटवर परत आलेली भारतीय गाडी याआधी सोडवली आहे का? नवी आयात समजून कागद भरले गेले तर ड्यूटीचा आकडा बघून घाम फुटतो, आणि दुरुस्ती होईपर्यंत दोन्ही घड्याळं चालूच. कस्टम्स अधिकारी चासी आणि इंजिन नंबर आरसीशी आणि कार्नेटशी ताडून बघतात. प्रवासात इंजिन बदललं असेल तर त्याची पावती आणि कार्नेटवरची नोंद नसणं महागात पडतं.

बिल ऑफ लेडिंग कागदी असेल तर मूळ प्रत कुरिअरने भारतात येईपर्यंत डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडायचा जहाज कंपनीचा आदेश, मिळत नाही. टेलेक्स रिलीज (मूळ प्रतीशिवाय माल सोडायचा संदेश) मागितलं तर ही दगदग वाचते. आणि माल घेणाऱ्याचं नाव कार्नेटवर आहे तेच, अगदी त्याच स्पेलिंगने.

तिबेटमार्गे रस्ता

मध्य आशिया किंवा लाओसमध्ये पोचलेल्या जोडप्यांना याचा मोह पडतो. ल्हासा, शिगात्से, मग केरुंगहून नेपाळातलं रसुवागढी. चीन कार्नेट मानत नाही. तिथे एजन्सीमार्फत तात्पुरती नंबरप्लेट, तात्पुरतं लायसन्स, तिबेटचा परवाना आणि सगळ्या वाटेवर गाईड लागतो. तयारीला दोन-तीन महिने धरावेत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चभर तिबेट परदेशी प्रवाशांना साधारण बंद असतं, आणि जून ते सप्टेंबर नेपाळच्या बाजूला दरडी. ८ जुलै २०२५ च्या पुरात रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला. तेव्हा निघण्यापूर्वी त्या नाक्याची ताजी स्थिती एजन्सीकडून लेखी घ्या.

जोडप्यांच्या गाडीत एक खास घोळ असतो. मागची सीट काढून पलंग केलेला, मग गाईड बसणार कुठे? त्याची वेगळी गाडी आणि ड्रायव्हर म्हणजे खर्च दुपटीकडे. बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांना डीईएफ (धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण) लागतं, ते उणे अकरा अंशांना गोठतं, आणि किंगहाईकडून येताना तांगुला खिंड ५,२३१ मीटरवर आहे.

हे सगळं जमलं तरी सापळा शेवटच्या दिवशी असतो. नेपाळातून सोनौलीला उतरताना भारतीय पाटीच्या गाडीला कुणी थांबवत नाही. लोक आनंदात थेट गोरखपूर गाठतात, आणि कार्नेटवर परत आल्याची नोंदच राहत नाही. तिथल्या कस्टम्सच्या कार्यालयात स्वतः जाऊन शिक्का मागायचा. राहिलाच, तर कार्नेटमधलं गाडी कुठे आहे याचं प्रमाणपत्र भरून घ्यावं लागतं.

खर्च वाचावा म्हणून हा रस्ता धरू नका. रस्ताच हवा असेल तरच.

मोटरसायकल आणि विमान

विमानात वजन घनफळावरून धरतात: एक घनमीटर म्हणजे सुमारे १६७ किलो. २.२ × ०.९ × १.२ मीटरच्या पेटीचे होतात ३९६ किलो, आत हिमालयन मोटरसायकल दोनशे किलोची असली तरी. पुढचं चाक, हँडल, काच आणि डबे काढून पेटी १.९ × ०.७ × १.१ केली की २४४ किलो. दोन तासांच्या कामात भाडं तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरतं. दोघांच्या दोन मोटरसायकली असतील तर हा हिशेब दोनदा, आणि मग समुद्रमार्गे एका कंटेनरमध्ये दोन्ही घालणं स्वस्त पडू शकतं. समुद्रमार्गे वाटणीच्या कंटेनरमध्ये एकच बाईक टाकणं मात्र दिसतं तेवढं स्वस्त नाही. भाडं नाममात्र सांगतात आणि भारतातल्या सीएफएसचं बिल नंतर येतं.

दोघांपैकी आधी कोण येणार

आरसी आणि कार्नेट ज्याच्या नावावर, त्याने गाडीबरोबर शेवटपर्यंत राहावं. नवरा घर उघडायला पुढे गेला आणि गाडी बायकोच्या नावावर असेल तर काहीच अडत नाही. उलटं झालं तर अधिकारपत्र, पासपोर्टच्या प्रती आणि फोनाफोनी. तुर्कस्तानात तर गाडी आणणाऱ्याच्या नावावर नोंदतात, तिला तिथे ठेवून देश सोडायचा असेल तर आधी कस्टम्सला विचारा. युरोपातून पाठवत असाल तर शेंगेनचे १८० दिवसांत ९० हे बंधन लक्षात ठेवून सात-आठ दिवस हाताशी राखा, कारण जहाजांच्या तारखा पुढे जातात. न्हावा शेवाला दोघांपैकी मालकाने आठवडाभर मोकळं असावं.

आखाती देशांत प्रवास संपत असेल आणि त्या भागातली परिस्थिती ठीक असेल, तर जबेल अलीहून न्हावा शेवा काही दिवसांचं अंतर आहे, तिथून कंटेनरच. आफ्रिकेतून डर्बन, आग्नेय आशियातून पोर्ट क्लांग, तरीही कंटेनर. उंच गाडीला रो-रो.

गाडी बंद करण्याआधी सामान एकदा चाळा. सॅटेलाइट फोन आणि इनरीचसारखी उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत. ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. निघताना तो सोबत नेल्याचं कस्टम्सचं पत्र घेतलेलं असेल तरच वाद घालायला आधार. ई-सिगारेट नकोच.

आणि बंदराच्या फाटकातून गाडी स्वतः चालवत आणू नका. वर्षभरात भारतातला विमा संपलेला असतो, पीयूसीही. विमा संपून ९० दिवस झाले की नो क्लेम बोनस गेला, आणि नव्या पॉलिसीआधी कंपनी गाडीची पाहणी मागते. उरण फाट्यापर्यंत फ्लॅटबेड ठरवा, तिथे पाहणी उरका, पॉलिसी फोनवर आली की पुढे पीयूसी आणि मग घर. शिक्के मारलेलं कार्नेट त्याच आठवड्यात संस्थेकडे जमा करा, बँक गॅरंटी सोडल्याचं पत्र मागून घ्या आणि ते बँकेत स्वतः नेऊन द्या.