बेसमेंटमधली दोन भावंडं: आठ महिन्यांनंतर

शिकागोजवळच्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये ऑक्टोबरपासून दोन पिनबॉल मशिनं शेजारीशेजारी उभी आहेत. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या तिरक्या फळीवर पोलादी बॉल टोलवत ठेवायचा खेळ; टोलवायच्या, बटणावर हलणाऱ्या दोन दांड्या म्हणजे फ्लिपर. बॅलीचं 'अटॅक फ्रॉम मार्स' (१९९५) माझं. विल्यम्सचं 'मिडीव्हल मॅडनेस' (१९९७) मित्राचं. त्याच्या घराचं काम निघालं म्हणून ते इकडे आलं.

दोन्ही ब्रायन एडी याच डिझायनरची. मांडणीही मिळतीजुळती: समोर मधोमध मोठं लक्ष्य, दोन्ही बाजूंना रॅम्प, म्हणजे बॉल वर चढवायचे उतार. एक जमलं की दुसरं जमलंच, असं मला वाटलं होतं. पहिल्या आठवड्यातच तो समज गळून पडला.

मार्सवर ताल आहे. डावा रॅम्प मारा, बॉल फ्लिपरवर परत येतो. उजवा मारा, पुन्हा येतो. चार-पाच शॉट सलग बसले की हात आपोआप चालतात. मधली उडती तबकडी हाणायची तर आधी तिच्यासमोरची टार्गेटची भिंत खाली पाडावी लागते, आणि खरी मेख तिथेच. जरा चुकलं की बॉल भिंतीवर आपटून थेट दोन फ्लिपरच्या मधून खाली. शिव्या देऊन झाल्या की कळतं, चूक आपलीच होती. घाईनं मारलं होतं. पॅरिस, लंडन, पिसा अशी शहरं वाचवत मंगळापर्यंत जायचं असतं. मी पिसाच्या पलीकडे मोजक्याच वेळा गेलोय. स्कोअर मात्र अब्जांत, त्यामुळे हरल्यावरही श्रीमंत वाटतं!

मिडीव्हल मॅडनेसवर तसा ताल लागत नाही. आधी झुलता पूल पाडायचा, मग दरवाजा फोडायचा, मग किल्ला. मध्येच जमिनीतून ट्रॉल नावाच्या राक्षसांची डोकी वर येतात. किल्ला कोसळतो तेव्हा बुरूज खरोखर उडतात, त्यामुळे पाहुणे आले की आधी तिकडेच जमतात. विनोद झकास, काही आवाज विनोदी अभिनेत्री टीना फे हिचे आहेत, ती तेव्हा शिकागोतच काम करायची. पण शंभराव्यांदा तोच विनोद ऐकताना मी आवाज कमी करतो.

आई पुण्याहून आली होती. ती जुनी कॅरमपटू. तिनं दोन दिवसांत मार्सचा उजवा रॅम्प धरला आणि म्हणाली, "बोर्डाला पावडर टाकत नाहीस का रे?" अगदी चुकीचं नव्हतं. फळीला मेण लावल्यावर बॉल इतका सुसाट सुटला की माझे सगळे अंदाज बिघडले.

देखभालीत दोन्ही सारखीच हट्टी. जुनी मशिनं आहेत. रबर, बल्ब, स्विच यांपैकी काहीतरी महिन्याला लागतंच. मार्सची टार्गेटची भिंत एकदा अर्ध्यावर अडकली आणि एक अख्खा रविवार गेला. माझ्याकडचं मॅडनेस तासभर खेळलं की फ्लिपर मंदावतात आणि लांबच्या शॉटला जीव उरत नाही. मार्सचे असे कधी थकले नाहीत.

पिनबॉलवाल्यांत मॅडनेसचं नाव मोठं आहे, हे खरं. पण रात्री अकराला, सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून मी मार्सच चालू करतो. दहा मिनिटं म्हणून बसतो आणि साडेबाराला वर येतो.

मित्राचं काम पुढच्या महिन्यात संपतंय. मशीन उचलायला चार जण लागतील. लेकानं मात्र आत्तापासूनच रुसायला सुरुवात केलीय.