इंटरमीजिएट अकाउंटिंग कुठे करावं: कम्युनिटी कॉलेज, एक्स्टेन्शन की स्टेट युनिव्हर्सिटी?

भारतातलं बी.कॉम. किंवा एम.कॉम. हातात आहे, इथे सीपीए (अमेरिकेतला परवानाधारक अकाउंटंट) व्हायचं ठरलं आहे, पदवीचं इव्हॅल्युएशन, म्हणजे इथल्या पदवीशी तुलना, करून घेतलं आणि अहवालात अकाउंटिंगची सहा-नऊ युनिटं (क्रेडिटं) कमी निघाली. कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मराठी घरांत सध्या हीच परिस्थिती आहे. इथे परीक्षेला बसायला पदवी लागते, शिवाय अकाउंटिंगची 24 सेमिस्टर युनिटं आणि व्यवसायाशी संबंधित विषयांची 24. अकाउंटिंगची तूट भरायची म्हटलं की बहुतेक जण इंटरमीजिएट अकाउंटिंगकडे, म्हणजे प्राथमिक अकाउंटिंगच्या पुढच्या पायरीकडे, वळतात, आणि ते बरोबरच आहे. सीपीएच्या चार पेपरांपैकी एफएआर (फायनान्शियल अकाउंटिंग अँड रिपोर्टिंग) हा पेपर जवळजवळ याच विषयावर उभा आहे, आणि 2024 साली त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे हा विषय नुसता युनिटं भरण्यापुरता करून चालत नाही.

मी तो दोन ठिकाणी केला. पहिला भाग घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात (मुख्यतः पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवणारं सरकारी कॉलेज), संध्याकाळच्या वर्गात बसून. दुसरा भाग एका युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेन्शनमधून (पदवीला प्रवेश न घेता सुटे कोर्स देणारा विभाग), ऑनलाइन. माझं मत आधीच सांगते. पदवी झालेली असेल आणि विषय खरोखर शिकायचा असेल, तर कम्युनिटी कॉलेज, तेही शक्यतो प्रत्यक्ष वर्ग. पदवी नसेल, किंवा मोठ्या ऑडिट फर्ममध्ये कॅम्पस भरतीतून शिरायचं असेल, तर हा विषय तिथे करू नका. कारणं पुढे येतीलच.

आधी पैशांचं

कॅलिफोर्नियाचे रहिवासी असाल तर कम्युनिटी कॉलेजची फी युनिटमागे 46 डॉलर आहे, आणि ती 2012 पासून तेवढीच आहे. चार युनिटांचा इंटरमीजिएट 184 डॉलरमध्ये होतो, वर थोडीफार आरोग्य आणि पार्किंगची फी. कूपर्टिनोचं डी अँझा किंवा लॉस अल्टोस हिल्सचं फूटहिल यांसारख्या क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरऐवजी छोटी सत्रं असलेल्या) कॉलेजांत युनिटमागे 31 डॉलर पडतात. एक्स्टेन्शनमध्ये असाच एक कोर्स हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जातो. स्टेट युनिव्हर्सिटीत पदवीला प्रवेश न घेता ओपन युनिव्हर्सिटीतून एकेक विषय घेता येतो, पण तिथेही युनिटमागे काहीशे डॉलर मोजावे लागतात.

ही स्वस्ताई सगळ्यांना मिळत नाही, आणि इथे बऱ्याच जणी फसतात. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच कायम राहण्याचा इरादा कागदोपत्री दाखवावा लागतो. एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्या जोडीदाराबरोबर) असलात तरी हे करता येतं. व्हिसा आड येत नाही, आणि नुसतं शिकायला वर्क परमिटही लागत नाही. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असाल तर मात्र बाहेरच्या विद्यार्थ्याची फी, म्हणजे 46 डॉलरच्या कितीतरी पट. नुकत्याच आलेल्या असाल तर पहिल्या वर्षी गाडीचं लायसन्स, घराचा करार, राज्याचा कर भरल्याची कागदपत्रं सगळं नीट जमवून ठेवा. नवऱ्याच्या नावावर असलेल्या कागदांबरोबर तुमच्याही नावाचे कागद हवेत. अ‍ॅडमिशन ऑफिसच्या खिडकीत हेच विचारतात.

क्वार्टरच्या कॉलेजात आणखी एक हिशेब लक्षात ठेवायचा. तिथलं एक युनिट म्हणजे सेमिस्टरचं दोन तृतीयांश. पाच युनिटांचा कोर्स केला की सीपीएचा परवाना देणाऱ्या राज्याच्या बोर्डाच्या वहीत साडेतीनसुद्धा नाही, 3.33 पडतात. तीन कोर्स केले आणि 15 युनिटं झाली असं समजून बसलं, की प्रत्यक्षात ती दहा असतात.

वर्गात काय मिळतं

आमचा वर्ग सहा वाजता सुरू व्हायचा. शिकवणाऱ्या बाई स्वतः सीपीए, बरीच वर्षं ऑडिटमध्ये काढलेल्या. वर्गात गोदामातून कामाच्या कपड्यांतच आलेला एक जण, दोन मुलांची आई असलेली एक व्हिएतनामी बाई, एक निवृत्तीला आलेले बुककीपर, आणि माझ्यासारख्या तिघी-चौघी भारतीय. पहिल्याच आठवड्यात जर्नल एंट्रीची वही परत आली तेव्हा माझ्या प्रत्येक 'टू कॅश अकाउंट' मधल्या 'टू' भोवती पेन्सिलीने गोल होता. इथे क्रेडिटची ओळ फक्त थोडी आत सरकवून लिहितात, 'टू' लिहीत नाहीत. खाली 'बीइंग' ने सुरू होणारं नॅरेशनही नको. बाईंनी एका वाक्यात समजावलं आणि पुढच्या आठवड्यापासून हात वळला. ऑनलाइन सॉफ्टवेअरने नुसतं चूक दाखवलं असतं, कशामुळे चूक ते कळलं नसतं.

भारतात शिकलेल्याला पहिला भाग ओळखीचा वाटतो, आणि धोका तिथेच असतो. घसारा, डेटर्स, बँक समेट हे सगळं आपण केलेलं असतं. पण इन्व्हेंटरीच्या धड्यापाशी आलं की पाय थबकतो, कारण लिफो पद्धत (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरणारी) अमेरिकेच्या नियमांत चालते, आपल्याकडे इंड एएस 2 या साठ्याच्या लेखामानकात नाही. त्यातही डॉलर-व्हॅल्यू लिफो, म्हणजे साठा नगांऐवजी डॉलरमध्ये मोजणारा प्रकार. बाईंनी फळ्यावर मांडलेलं गणित मला अजून तसंच आठवतं. मूळ वर्षाचा साठा 1,00,000 डॉलर. यंदाच्या वर्षाअखेरचा साठा आजच्या भावाने 1,32,000. भावनिर्देशांक 1.10. वर्गातल्या निम्म्या जणांनी उत्तर लिहिलं 1,20,000, उरलेल्यांनी 1,32,000. बाईंनी आधी 1,32,000 ला 1.10 ने भागलं, 1,20,000 आले. म्हणजे मूळ भावाने साठा 20,000 ने खरोखर वाढला. हा नवा थर तेवढा आजच्या भावाने घ्यायचा, 22,000, आणि जुना थर जुन्याच भावाने. एकूण 1,22,000. फळ्यावर त्यांनी एकावर एक दोन चौकोन काढले, खालचा मोठा, वरचा लहान, आणि वरच्यात फक्त 1.10 लिहिलं. त्या चित्राने धडा डोक्यात बसला. वर्गानंतर पार्किंगपर्यंत चालताना व्हिएतनामी मैत्रिणीला मी तेच पुन्हा समजावलं, आणि समजावताना मला ते दुसऱ्यांदा समजलं.

कॉलेजच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये मदत फुकट मिळते. बाई वर्गाआधी तासभर ऑफिसात बसायच्या. तिथे जाणारे आम्ही दोघे-तिघेच असायचो, म्हणून पाहिजे तितका वेळ मिळायचा.

एक्स्टेन्शनमध्ये काय मिळतं

दुसरा भाग कॉलेजात पुढच्या वर्षीच येणार होता, म्हणून मी एक्स्टेन्शन घेतलं. तिथली जमेची बाजू खरी आहे. प्रवेशाची रांग नाही, काही कोर्स हवे तेव्हा सुरू करता येतात, मूल झोपल्यावर रात्री अकराला लेक्चर ऐकता येतं. नाव मोठ्या युनिव्हर्सिटीचं असतं आणि युनिटं बोर्डाला चालतात.

पण अडलं की आपण एकट्या. माझं अडलं बाँड्सपाशी. 1,00,000 डॉलरचा बाँड, व्याजाचा दर 8 टक्के, बाजारातला दर 10 टक्के, मुदत पाच वर्षं. बाजारभावाने तो विकला जातो 92,418 ला. पहिल्या वर्षी रोख व्याज 8,000 द्यायचं, पण व्याजाचा खर्च दाखवायचा 9,242. उत्तर सूत्राने येत होतं, पण खिशातून न गेलेले 1,242 खर्चात का, हे काही केल्या उमजेना. प्रश्न विचारला. उत्तर आलं सहाव्या दिवशी, दोन ओळींचं. तोवर मी स्वयंपाकघराच्या टेबलावर पाच वर्षांचा पूर्ण तक्ता हाताने मांडून बसले होते. 92,418 चे पहिल्या वर्षाअखेर 93,660 होतात, आणि असे वाढत वाढत पाचव्या वर्षी बरोबर 1,00,000 ला पोचतात. कमी भावात विकल्यामुळे गेलेले 7,582 डॉलर हेसुद्धा कर्जाचं मोलच आहे, ते पाच वर्षांत वाटून खर्ची पडतं. कळलं, पण जे वर्गात दहा मिनिटांत कळलं असतं त्याला आठवडा गेला. आणि दुसऱ्या भागात बाँड्स हा सोप्यातला धडा आहे. पुढे लीज, डिफर्ड टॅक्स, पेन्शन, डायल्यूटेड ईपीएस असे अवघड धडे येतात.

म्हणून माझा सल्ला: एकच भाग वर्गात बसून करणं जमणार असेल, तर दुसरा भाग वर्गात करा आणि पहिला ऑनलाइन. माझं नेमकं उलटं झालं. पहिल्या भागात आपलं बी.कॉम. मदतीला येतं, दुसऱ्यात फारसं येत नाही.

स्टेट युनिव्हर्सिटी कुणासाठी

ज्यांच्याकडे इथे मान्य होणारी पदवी नाही, त्यांच्यासाठी. आपलं बी.कॉम. तीन वर्षांचं असतं आणि सगळे इव्हॅल्युएटर त्याला इथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीचं मानत नाहीत. वर एम.कॉम. किंवा सीए असेल तर सहसा अडचण येत नाही. म्हणून एकही डॉलर भरण्याआधी बोर्डाच्या यादीतल्या संस्थेकडून इव्हॅल्युएशन. कागद हातात आल्याशिवाय कोर्स निवडू नका.

पदवी इथेच पूर्ण करायची असेल तर कम्युनिटी कॉलेजात प्राथमिक फायनान्शियल आणि मॅनेजेरियल अकाउंटिंग जरूर करा. ते युनिव्हर्सिटीत धरले जातात. इंटरमीजिएट मात्र युनिव्हर्सिटीत वरच्या वर्षांचा विषय असतो. कम्युनिटी कॉलेजात केलेला इंटरमीजिएट तिथे साधारणपणे त्या जागी मोजत नाहीत आणि तोच विषय पुन्हा करावा लागतो. एक वर्ष आणि भरपूर कष्ट वाया जातात.

दुसरं कारण भरतीचं. मोठ्या फर्म ऑडिटसाठी माणसं युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर येऊन घेतात, तीही वर्ष-दीड वर्ष आधी. कम्युनिटी कॉलेजात तशी रांग लागत नाही. लहान फर्म, कंपन्यांचे अकाउंटिंग विभाग, टॅक्सची कामं यांच्याकडे अर्ज करणाऱ्याला याने फरक पडत नाही.

राज्य बदलणार असाल तर आणखी जपून. टेक्सासमध्ये बोर्ड वरच्या पातळीचे विषय मागतं आणि कम्युनिटी कॉलेजांपैकी फक्त ठराविक मान्यताप्राप्त कॉलेजांचे कोर्स त्यासाठी धरतं. परवान्यासाठी सगळे विषय मिळून 150 युनिटं हवीत, ही अटही आता सैल होते आहे. जानेवारी 2025 मध्ये ओहायोने पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असा दुसरा मार्ग कायद्यात आणला, पाठोपाठ इतर राज्यंही तिकडे वळली. त्यामुळे नुसता आकडा गाठायला भारंभार स्वस्त युनिटं जमवण्यात आता पूर्वीइतका अर्थ नाही. अकाउंटिंगच्या विषयांची अट मात्र आहेच.

काही जणी विचारतात, सरळ सीपीएचा रिव्ह्यू कोर्सच, म्हणजे परीक्षेच्या तयारीचा क्लास, घेतला तर? घ्यायचाच आहे, पण नंतर. त्यावर दोन-तीन हजार डॉलर खर्च होतात आणि नुसत्या त्याने युनिट एकही मिळत नाही. लीजचं अख्खं प्रकरण तिथे तासा-दोन तासांत उरकतात. आधी शिकलेलं असेल त्यालाच ते पेलतं.

नाव घालण्याआधी

सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत इंटरमीजिएट नसतोच, आणि जिथे असतो तिथे बऱ्याचदा पहिला भाग फक्त फॉलमध्ये, दुसरा फक्त स्प्रिंगमध्ये. एक हुकला की वर्ष गेलं. पटावर विद्यार्थी कमी असले तर वर्ग रद्दही होतो, म्हणून दुसरा पर्याय हाताशी ठेवा. नव्या विद्यार्थ्याचा नोंदणीचा नंबर उशिरा लागतो, तेव्हा वेटलिस्टवर असलात तरी पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसा. बरेच जण पहिल्या दोन आठवड्यांत सोडून जातात. भारतातल्या पदवीवर प्राथमिक विषयाची अट माफ करून घेण्याचा अर्ज महिनाभर आधी द्या. उन्हाळ्याच्या सहा-आठ आठवड्यांच्या छोट्या सत्रात हा विषय घेऊ नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. आठवड्याला दोन धडे आणि तीस-चाळीस गणितं अशी गती असते.

आणि आधी सिलॅबस मागवा. सेमिस्टरच्या कॉलेजात हा विषय दोन भागांत होतो, क्वार्टरच्या काही कॉलेजांत तीन. दोन भागांत बसवताना शेवटचे धडे घाईत जातात किंवा राहून जातात. सिलॅबसमध्ये डिफर्ड टॅक्सला एक आठवडा दिला आहे की दोन ते बघा, लीज दोन्ही बाजूंनी शिकवणार आहेत की फक्त भाडेकरूच्या बाजूने ते बघा, आणि कॅश फ्लो स्टेटमेंट परीक्षेत पूर्ण मांडायला लावतात का, ते शिकवणाऱ्याला ईमेल करून विचारा. आमच्या बाई लावायच्या. वर्ष उलटून एफएआरला बसले तेव्हा कॅश फ्लोची उजळणी मला करावी लागली नाही.