जुना कागद खरा वाटावा म्हणून: गिंपसोबतचे आठ महिने

गेले आठ महिने मी गिंप ३.० हे चित्र-संपादनाचं सॉफ्टवेअर वापरतोय आणि त्यावर जवळजवळ एकच काम करतोय: कागद. हौशी नाटकांसाठी मोडी पत्रं, फाटकी पोस्टरं, भिजून वाळलेली वहीची पानं. सॉफ्टवेअर मोफत आहे आणि देवनागरी जोडाक्षरं त्यात नीट उमटतात, एवढं माझ्यासाठी पुरेसं होतं.

पहिले दोन महिने वाया गेले. पान तपकिरी केलं की जुनं दिसतं, अशी माझी समजूत होती. मग घरातलं दस्तऐवजांचं गाठोडं सोडलं आणि एकेक कागद भिंगाखाली धरला. सगळीकडे सारखा पिवळा असा एकही निघाला नाही. घडीच्या खाचेत मळ बसून काळपट रेघ, तिच्या शेजारी कागद झिजून फिका. पाण्याचा डाग आत फिका आणि कडेला गडद, कारण वाळताना मळ पाण्याबरोबर कडेपर्यंत सरकतो. शाई मात्र काळीभोर. काजळाची शाई विटत नाही. मी अक्षरं हौसेने तपकिरी केली होती, ती सगळी पुन्हा लिहिली.

पोतासाठी आधी ‘सॉलिड नॉइज’ (ढगांसारखे विस्कळीत डाग) काढून ‘बम्प मॅप’ (उंचसखलपणाचा भास देणारा फिल्टर) लावायचो. काम भागतं, पण तोचतोपणा नजरेला कळतो. आता पुण्याच्या हातकागद संस्थेचा कोरा कागद खिडकीशी ठेवून तिरप्या उन्हात फोटो काढतो. स्कॅनरचा उजेड सपाट असतो, त्यात तंतू दबतात. तिरप्या उजेडात प्रत्येक तंतूची सावली पडते. तो फोटो रंग काढून वरच्या लेयरला (चित्राच्या थराला) ‘मल्टिप्लाय’वर, म्हणजे खालच्याला गडद करत मिसळेल असा, ठेवला की खालचा मजकूर कागदात मुरल्यासारखा दिसतो. फोटोत ऊन डावीकडून असेल तर पुढच्या सगळ्या सावल्या उजवीकडे, हे मात्र कटाक्षाने पाळावं लागतं.

फाटलेली कड हा माझा सगळ्यात आवडता भाग. छापील कागद फाटतो तेव्हा वरचा थर निघून आतला पांढरा गाभा उघडा पडतो. म्हणून पानाखाली थोडा मोठा पांढरा लेयर ठेवतो, दोन्हींच्या कडा ‘सिलेक्ट’मधल्या ‘डिस्टॉर्ट’ने वेगवेगळ्या खडबडीत करतो. पांढरी पट्टी कुठे रुंद, कुठे नाहीशी व्हायला हवी.

‘ड्रॉप शॅडो’, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार सावली, सगळीकडे सारखी पडते, पण खरा कागद एका कोपऱ्यात उचललेला असतो. सावली वेगळ्या लेयरवर घेऊन ‘वॉर्प’ने ओढली आणि उचललेल्या टोकाशी जास्त धूसर केली, तेव्हा कुठे पान टेबलावर टेकलं. ३.० मध्ये बरेच फिल्टर नंतरही बदलता येतात. आधी अशा एका सावलीसाठी चार-चार प्रती ठेवाव्या लागत.

छपाईत एकदा फटका बसला. पडद्यावरचा ऊबदार पिवळा छापून आला तो हिरवट. आता छपाईचं रंग-प्रोफाइल (छापताना रंग कसे उमटतील याची माहिती देणारी फाइल) लावून आधी तपासतो आणि ए-फोर पान पहिल्यापासून ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेलवर उघडतो. नंतर मोठं केलं की तंतू विरघळतात.

मागच्या प्रयोगाला नटाने खिशातून पत्र काढलं. छापण्यापूर्वी मी त्यात खाचा रंगवल्या होत्या, त्याने नेमकं त्याच घड्यांवर ते उघडलं.