एचवन की जर्मन ब्लू कार्ड? लग्न झालेलं असेल तर आधी हे बघा

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तीन जोडप्यांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. दोघंही आयटीत, तिशीच्या पुढे-मागे, एक लहान पोर, आणि समोर एकीकडे अमेरिका (एचवन, म्हणजे तिथला नोकरीचा एच-१बी व्हिसा) तर दुसरीकडे जर्मनी (ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांचं नोकरीचं परमिट). मी सात वर्षं जर्मनीत आहे, माझा मावसभाऊ तेरा वर्षं अमेरिकेत, त्यामुळे दोन्हीकडचं रोजचं कानावर येतं.

पैसा बघायचा तर अमेरिका, यात वादच नाही. इथे जर्मनीत टॅक्स आणि विमा कापून एकट्या माणसाच्या हातात पगाराचे साठेक टक्के येतात.

आत शिरणं मात्र जर्मनीचं सोपं. एचवनच्या वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांना वेगळ्या २०,०००, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये आदेश निघाला की देशाबाहेरच्या माणसासाठी नवी पिटिशन (कंपनीने करायचा अर्ज) टाकायची तर १ लाख डॉलर भरायचे, त्यामुळे भारतातून थेट एचवन करतो म्हणणाऱ्या कंपनीला हा खर्च कोण करणार ते लेखी विचारा. ब्लू कार्डला कोटा नाही, लॉटरी नाही. साधारणपणे मान्य असलेली डिग्री हवी (अनाबिन या परदेशी डिग्र्यांच्या जर्मन यादीत आपल्या युनिव्हर्सिटीपुढे एच प्लस आहे का बघा) आणि पगार २०२६ साठी वर्षाला किमान ५०,७०० युरो, आयटीसारख्या टंचाईच्या कामांना ४५,९३४ च्या वर.

आता खरा मुद्दा, कायमचं राहणं. अमेरिकेत नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, ती तुम्ही जन्मलात कुठे त्यावर. म्हणजे नाशिकचा माणूस आणि आइसलँडचा माणूस यांना मर्यादा एकच! २०२५ मध्ये भारतीयांच्या ईबी-२ रांगेत (मास्टर्स वगैरे केलेल्यांची ग्रीन कार्डाची रांग) २०१३ च्या आसपास फाइल केलेल्यांचा नंबर लागत होता, म्हणजे आज फाइल करणाऱ्याने काय समजायचं ते समजा. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने टाकलेली पिटिशन) मंजूर असली की एचवन वाढत राहतो, पण मूल भारतात जन्मलेलं असेल तर ते २१ चं व्हायच्या आत नंबर लागेल का हा हिशोब आजच मांडा, कारण मग त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. भावाची मुलगी १६ ची आहे, तिसरीपासून तिकडेच शिकलीय, आणि त्या घरात या विषयावर जेवताना कोणी बोलत नाही.

जर्मनीत ब्लू कार्डवर २७ महिने काम, पेन्शनचे हप्ते आणि ए-१ (सगळ्यात पहिली पातळी) एवढं जर्मन असलं की कायमचं राहायचं परमिट मिळतं, बी-१ (मधली पातळी) असेल तर २१ महिन्यांतच. जन्म कुठला हे कोणी विचारत नाही. नागरिकत्व ५ वर्षांनी, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा आपला पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं, ते मनाला लागतं हे खरंय.

बायको किंवा नवऱ्याची नोकरी, याकडे लोक सगळ्यात कमी बघतात. इथे जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलंही काम करता येतं, यायच्या आधी भाषेची परीक्षाही लागत नाही. तिकडे एच-४ वर (एचवनवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) काम करायचं तर एचवनवाल्याची आय-१४० मंजूर हवी, नाहीतर एचवनची सहा वर्षं संपून पुढे मुदतवाढ मिळालेली. वहिनी पुण्यात टीम लीड होत्या, तिकडे पाच वर्षं घरी बसल्या. नोकरी गेली तर एचवनवर दुसरी शोधायला ६० दिवस, भावाने त्यातले ५२ दिवस मोजलेत. इथे ब्लू कार्डवाल्याला कायद्याने किमान तीन महिने, दोन वर्षं झाली असतील तर सहा, आणि १२ महिने बेकारी विम्याचे हप्ते भरलेले असतील तर बेकारभत्ताही.

मग जर्मनीत त्रास नाही का? आहे ना. परदेशी लोकांच्या ऑफिसची अपॉइंटमेंट महिनोन्महिने मिळत नाही. माझ्या रिन्यूअलला आमच्या शहरातल्या ऑफिसने पाच महिने उत्तरच दिलं नाही, हातात नुसता तात्पुरता कागद, त्यावर प्रवास करू की नको ठरेना आणि आजीच्या दिवसांना मी पोचलो नाही. घर मिळायला वेळ लागतो. आणि ऑफिसात इंग्रजी चाललं तरी डॉक्टर, बालवाडी, घरमालक सगळं जर्मनमध्ये, तेव्हा ए-१ वर थांबू नका, निघायच्या आधी पुण्यात मॅक्स म्युलरला (तिथली जर्मन शिकवणारी संस्था) बी-१ पर्यंत करून या, इथे नोकरी आणि पोर सांभाळून ते फार जड जातं.

आईवडिलांना आणता येईल का, हेही त्या जोडप्यांनी विचारलं. अमेरिकेत स्वतः नागरिक झाल्याशिवाय त्यांना कायमचं आणता येत नाही. जर्मनीत १ मार्च २०२४ नंतर कुशल कामगार म्हणून पहिलं परमिट मिळालेल्यांना आईवडील आणायची सोय आहे, पण त्यांचा आरोग्यविमा आपण दाखवायचा आणि सत्तरीच्या माणसाला तो मिळवणं हेच सगळ्यात अवघड, त्यामुळे ऑफरवर सही करायच्या आधी दोन-तीन विमा कंपन्यांना त्यांचं वय आणि आजार सांगून विचारून घ्या.