जहाजातला वाइस

गेल्या एप्रिलमध्ये नागपुरात इतवारीतल्या जुन्या अवजारांच्या एका दुकानातून मी सुतारकामाच्या बाकासाठी वाइस, म्हणजे लाकूड जबड्यात आवळून धरणारा शिकंजा, घेतला. ६,८०० रुपये मोजले. अकराव्या दिवशी त्याचा पुढचा जबडा तुटून माझ्या पायापाशी पडला. दुकानाचं नाव देत नाही. पण माझ्या ओळखीतलेच चार-पाच जण सध्या घरी बाक करताहेत, त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी बाजारात जायच्या आधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचा मिस्त्री जमिनीवर बसतो, पायाने फळी दाबतो आणि रंधा मारतो. त्याला असल्या वाइसची गरजच पडत नाही, त्यामुळे बाजारात असा वाइस क्वचितच दिसतो आणि चार दुकानांत फिरून तुलना करता येत नाही. माझे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, म्हणून मी उभ्याने काम करायचा बाक केला. महालातला एक जुना वाडा पाडला तेव्हा निघालेल्या सागाच्या तुळया मिळाल्या होत्या. त्या लकडगंजात चिरून घेतल्या. सहा फूट लांब, वरची फळी तीन इंच जाड.

अशा बाकाच्या उजव्या टोकाला बसतो तो टेल वाइस. बाकावर ओळीने भोकं असतात. एका भोकात खुंटी, दुसरी खुंटी वाइसच्या जबड्यात, आणि दोघींच्या मधे फळी आडवी. वाइस आवळला की फळी लांबीत दाबली जाते, वरचा सगळा भाग रंध्याला मोकळा. याचा जुना प्रकार काटकोनात वळलेल्या लाकडी जबड्याचा. तो देखणा असतो, पण करायला किचकट आणि नीट बसवला नाही तर काही वर्षांनी लोंबतो. दुसऱ्या प्रकारात बाकालाच लांब खाच पाडून त्यात ठोकळा सरकवतात. तयार बाकाला तशी खाच पाडायची माझी हिंमत झाली नाही. तिसरा मार्ग सोपा: सुतारांचा नेहमीचा लोखंडी वाइस, ज्याच्या पुढच्या जबड्यात वर उचलता येणारी खुंटी असते, तोच टोकाला खालून बोल्टने बसवायचा. मी हा मार्ग घेतला आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

दुकानात दोन वाइस होते, दोन्ही नऊ इंची, दोन्ही ताज्या हिरव्या रंगाचे. दुकानदार म्हणाला, “भाऊ, हा अलंगचा माल आहे. जहाजाच्या वर्कशॉपमधला. अस्सल पोलाद, तुमच्या नातवाच्या कामी येईल.” अलंगला जहाजं तोडतात हे खरं, तिथला माल देशभर जातो हेही खरं. त्यामुळे गोष्ट पटली. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “जुन्या मालाचं कायचं बिल? बिल घ्याल तर जीएसटी लागेल. मी इथंच आहो ना.” मिळाली ती एक चिठ्ठी: वाइस १ नग, ६,८०० रुपये. तिच्यावर दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही. पैसे यूपीआयने गेले ते कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. मोबाइलवर ते नाव दिसलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं.

तुटला तेव्हा मी सागाची फळी रंधत होतो. पाव फेरा आवळला, ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि फळी सुटली. रंध्यासकट माझा हात पुढे गेला, दोन बोटांची सालटी निघाली. यापेक्षा वाईट होऊ शकलं असतं.

शेजारच्या गल्लीत एक वयस्कर मिस्त्री राहतात. त्यांनी तुटलेली बाजू उन्हात धरली आणि माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. कडेचा थोडा भाग ताजा, चमकत्या करड्या रव्याचा. बाकी सगळा काळपट, गंजलेला, आणि वरच्या अंगाला मोटारीच्या डेंटिंगमध्ये भरतात तसली पुट्टी. “हा अगोदरच तुटलेला होता. वरून जरासं वेल्डिंग, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. आणि भाऊ, हे पोलाद नाही, बीड आहे.”

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाईट नसतं. चांगले वाइसही बिडाचे असतात. पण बीड दाब जितका सोसतं तितका ताण सोसत नाही, आणि टेल वाइसमध्ये नेमका ताणच येतो. खुंटी जबड्याच्या माथ्यावर, स्क्रू तिच्या चार-पाच इंच खाली. खाली आवळत जावं तसा जबडा वरून मागे रेलायला बघतो आणि सगळा जोर स्क्रूजवळच्या मानेवर येतो. माझ्या वाइसची जुनी चीर तिथेच होती.

मिस्त्री माझ्यासोबत दुकानात आले. दुकानदार तुकडे बघताच म्हणाला, “बीड आहे भाऊ, जास्त आवळलं की तुटणारच.” घेताना पोलाद, परत आणताना बीड. मी तसं म्हटलं तर, “पोलाद म्हणून लिहून दिलं का मी?”

मिस्त्रींनी त्याच्याशी वाद घातला नाही. खिशातून लोहचुंबकाचा तुकडा काढला आणि दुसऱ्या हिरव्या वाइसवर फिरवत नेला. सगळीकडे घट्ट चिकटणारा चुंबक मानेपाशी सैल पडला, कारण खाली पुट्टीचा थर होता. मग त्यांनी त्याच्या जबड्यात वर एक आणि खाली एक कागदाची पट्टी धरून तो हळू मिटवला. चांगल्या वाइसचा जबडा वरच्या अंगाला किंचित आत झुकवलेला असतो, म्हणून वरची पट्टी आधी धरली जाते. इथे खालची अडकली, वरची सहज निघून आली. शेवटी पान्याने हलकंच ठोकलं. आवाज चिरलेल्या माठासारखा. आपण दरवर्षी माठ टिचकी मारून पारखून घेतो. लोखंडालाही टिचकी मारायची असते हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदाराने तो वाइस उचलून आत नेला आणि आम्हाला जायला सांगितलं.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. खरेदी पाच लाखांच्या आतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. तिथेही जाणार आहे. अडचण पुराव्याची आहे. पैसे गेल्याची नोंद आहे, पण ते या वाइसचे, या दुकानाचे, हे कुठेच लिहिलेलं नाही.

दरम्यान हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून चौकोनी आट्यांचा स्क्रू आणि त्याचं नट करून घेतलं, बाभळीचा जबडा मीच केला. पक्क्या बिलासह.

गेल्या आठवड्यात त्या दुकानावरून गेलो. दुसरा वाइस पुन्हा बाहेर मांडला होता. आता तो निळा आहे.