डेमोत बोलत होते टॉवर, विकला गेला सेंटर

होम थिएटरसाठी सेंटर स्पीकर, म्हणजे टीव्हीखाली मधोमध ठेवायचा स्पीकर, शोधत असाल आणि पुढचे दोन टॉवर (डावा-उजवा, जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) आधीच चांगले, महागाचे असतील, तर पैसे देण्याआधी हे वाचा. मुंबईतल्या एका दुकानदाराने ३८ हजार रुपये घेऊन मला आतून बदललेला, बनावट सेंटर विकला. त्याची युक्ती अशी आहे की कान तयार असलेला माणूसही तिच्यात सापडतो, कारण दुकानात जे ऐकू येतं ते खरोखरच उत्तम असतं. फक्त ते आपण विकत घेत असलेल्या स्पीकरमधून येत नसतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीचंही नाही, तिचा यात काडीचाही दोष नाही.

आमच्याकडचे टॉवर इंग्लंडच्या एका नावाजलेल्या कंपनीचे. जोडी तीन लाखांच्या वर गेली होती, घेतली होती ती मुख्यतः गाणं ऐकायला. पुढे आई पुण्याला आमच्याकडे राहायला आली. तिला ऐकू कमी येतं. रात्री पिक्चर लावला की थोड्या थोड्या वेळाने, "काय म्हणाला रे तो?" सिनेमाच्या ५.१ मिक्समध्ये, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठी वेगवेगळा केलेल्या आवाजात, संवाद जवळजवळ सगळे सेंटर चॅनलमध्ये असतात. सेंटर नसेल तर रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, ते डाव्या-उजव्या स्पीकरला सारखे वाटून देतो. बरोबर मधोमध बसलेल्याला तरीही आवाज पडद्याच्या मधूनच आल्यासारखा वाटतो. आईची खुर्ची मात्र खिडकीशी, उजव्या टॉवरजवळ. तिला सगळं त्या एकाच टॉवरमधून ऐकू यायचं आणि संवाद पार्श्वसंगीतात बुडायचे. वेगळा सेंटर असला की तेवढ्याचीच पातळी दोन-तीन डेसिबल वाढवता येते. म्हणून तो हवा होता.

टॉवरच्याच मालिकेतला नवा सेंटर लाखाच्या घरात जात होता. आमची तयारी चाळीस हजारांची.

अशा वेळी सगळे सांगतात की सेंटर 'मॅच' झाला पाहिजे, आणि ते बरोबरच आहे. गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाते तेव्हा तिचा आवाज मध्येच वेगळा लागता कामा नये. त्यासाठी ट्वीटर (बारीक स्वरांचा भाग) आणि मिडरेंज (मधल्या स्वरांचा) एकाच घराण्यातले असावे लागतात, त्यांच्यात स्वर वाटून देणारा क्रॉसओव्हरही त्याच हाताने बसवलेला असावा लागतो. किंमत मॅच व्हायची गरज नसते. सेंटर मोठा असावा असंही नाही, कारण साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे खर्जाचा आवाज, आपण सबवूफरकडे पाठवतो. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठ्याने वाजतो याचा, फारसा बाऊ करू नका. पातळीतला फरक रिसीव्हर भरून काढतो. बसवता येत नाही तो आवाजाचा पोत, आणि बाजूच्या खुर्चीपर्यंत तो कसा पसरतो ते.

म्हणून त्याच मालिकेतला जुना किंवा डेमोचा सेंटर शोधत होतो. व्हॉट्सॲपवर एका दुकानाचा फोटो आला, खाली मॉडेलचं नाव आणि 'ओरिजिनल, ८ ओहम, डेमो पीस'. हा संदेश मी जपून ठेवला होता. पुढे तोच कामी आला.

दुकानातली डेमोची खोली मन लावून सजवलेली होती. माझ्याच मालिकेचे टॉवर, मध्ये टीव्ही, त्याखाली तो सेंटर, आणि समोर एकच खुर्ची. दुकानदार अतिशय गोड बोलणारा. "साहेब, खोकं नाही म्हणून या भावात. नाहीतर मी स्वतःच्या घरी नेला असता." त्याने एका सिनेमातला दोन माणसांच्या बोलण्याचा प्रसंग लावला. आवाज सुरेख होता. भरीव, स्वच्छ, अगदी टॉवरसारखा. मी म्हटलं, टॉवर बंद करून नुसता सेंटर ऐकवा. त्याने रिमोटवर काहीतरी दाबलं. "हा घ्या, आता नुसता सेंटर." संवाद टीव्हीच्या खालून, बरोबर मधूनच येत होते. मी पुढे जाऊन बघायला उठलो तर खांद्यावर हलकेच हात ठेवून म्हणाला, "बसूनच ऐका साहेब, उठलात की इमेज बिघडते."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. इमेज म्हणजे आवाज नेमका कुठून येतोय याचा भास. ते खरं होतं, आणि खरं असण्याचं कारण वेगळं होतं. त्याने रिसीव्हर साध्या स्टिरिओवर टाकला होता. सेंटर पूर्ण मुका होता. बोलत होते ते दोन टॉवर, आणि मधोमध मांडलेल्या त्या एकुलत्या एका खुर्चीवरून त्यांचा आवाज मधून येतोय असा भास होत होता. टॉवर जितके चांगले तितका हा भास पक्का. खुर्चीवरून उठून दोन पावलं बाजूला गेलं असतं की आवाज जवळच्या टॉवरकडे सरकला असता. खरा सेंटर वाजत असेल तर तुम्ही कुठेही बसा, आवाज टीव्हीपाशीच राहतो.

हे मला नंतर कळलं, तेही फोनमुळे. आईला दाखवायला डेमोचा छोटा व्हिडिओ काढला होता. एका कोपऱ्यात रिसीव्हरचा डिस्प्ले आला होता आणि दुकानदार 'नुसता सेंटर' म्हणत होता त्या क्षणी त्यावर 'स्टिरिओ' अशी अक्षरं होती.

घरी जोडला त्याच संध्याकाळी काहीतरी चुकतंय हे समजलं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसे संवाद. रिसीव्हरचा ऑटो सेटअप परत करून पाहिला, स्पीकरची जागा बदलली, थोडा वर कलवला. फरक नाही. मग टेस्ट टोन लावला. हा होम थिएटरच्या जवळजवळ प्रत्येक रिसीव्हरमध्ये असतो आणि फुकट असतो: एकच 'शॅऽऽ' आवाज एकेका स्पीकरमधून फिरतो. डाव्या आणि उजव्या टॉवरमधून तो सारखा येत होता. सेंटरवर आला की वरची धार तिखट व्हायची आणि मधला भाग गायब. आवाज वाढवला तेव्हा रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन, म्हणजे स्वतःला जळण्यापासून वाचवायला, बंद पडला.

मल्टिमीटर लावला. ८ ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स (मीटरवर दिसणारा विजेचा रोध) साधारण ६ च्या आसपास दिसतो. इथे ३ च्या जेमतेम वर. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत स्पीकर दुरुस्त करणारे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी हातात घेताच म्हटलं, "साहेब, याचे स्क्रू आधी कुणीतरी खोललेत." पेटी मूळ कंपनीचीच होती. आतले दोन्ही वूफर (जाड स्वरांचे मोठे भाग) भलत्याच बनावटीचे, मॅग्नेटवरचे स्टिकर खरवडून काढलेले. ट्वीटरही बदललेला. क्रॉसओव्हरचं बोर्ड नव्हतंच. ट्वीटरला एक कपॅसिटर डकवलेला आणि दोन वूफर समांतर जोडून थेट टर्मिनलवर. समांतर जोडले की रोध निम्मा होतो, ३ ओहमचा उलगडा तिथे झाला. त्यांनी मांडलेल्या हिशोबाने आतल्या मालाची किंमत दोन हजारांच्या आत होती. माझ्यासमोर एक शब्दही जास्त न बोलता त्यांनी सगळे फोटो काढू दिले आणि स्क्रू परत बसवून दिले. कंपनीच्या भारतातल्या वितरकाला सीरियल नंबर पाठवला, तर उत्तर आलं की या नंबरचा स्पीकर त्यांनी कधी आयातच केलेला नाही.

दुकानदाराने फोनवर आधी ओळखच दाखवली नाही. मग म्हणाला, "घरी नेऊन तुम्हीच आतला माल बदलला नाही कशावरून?" बिलावर मॉडेल टाकायचा मी आग्रह धरला होता, तरी त्याने 'सेंटर स्पीकर, १ नग' एवढंच छापून दिलं होतं आणि खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. या ओळीने पुष्कळ लोक गप्प बसतात. बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि बिलावरच्या मुदतीत, मुदत नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुकान मुंबईत असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे.

मी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलाकरवी नोटीस पाठवली. सोबत व्हॉट्सॲपचा संदेश, व्हिडिओ, आतले फोटो, वितरकाचं पत्र. त्यानंतर त्याचा सूर बदलला. आधी 'दुसरा पीस देतो' म्हणाला, मी नको म्हटलं. शेवटी ३० हजार परत केले आणि स्पीकर घेऊन गेला. उरलेल्या आठ हजारांसाठी लढायला हवं होतं असं घरातले म्हणतात. आईचं दुखणं मध्ये आलं आणि मी तडजोड मान्य केली.

आता काय केलं तेही सांगतो, कारण प्रश्न बहुतेकांचा तोच असतो: टॉवर महाग, सेंटरला पैसे कमी. त्याच मालिकेतल्या सर्वांत लहान बुकशेल्फ स्पीकरची (टॉवरऐवजी फळीवर ठेवायचे छोटे स्पीकर) वापरलेली जोडी मिळाली, ३५ हजारांना. त्यातला एक टीव्हीखाली उभा ठेवला, ट्वीटर कानाच्या दिशेने थोडा वर कलवून. दुसरा कपाटात आहे. ट्वीटर तोच, मिडरेंज तोच, टेस्ट टोन तिन्ही स्पीकरमधून जवळजवळ सारखा. आडव्या, दोन वूफरच्या मध्ये ट्वीटर असलेल्या स्वस्त सेंटरपेक्षा हा बाजूच्या खुर्चीलाही चांगला ऐकू येतो. आडव्या मांडणीत बाजूला बसलं की एका वूफरचा आवाज दुसऱ्याच्या जरा आधी पोहोचतो आणि दोन्ही मिळून काही स्वर एकमेकांचे खोडतात, तेही नेमके बोलण्यातले. आई खिडकीशीच बसते आणि आता सबटायटल लागत नाहीत. टीव्हीखाली उभी जागा नसेल तर मिडरेंजच्या डोक्यावर ट्वीटर असलेला थ्री-वे (जाड, मधले आणि बारीक स्वर वेगवेगळ्या भागांतून वाजवणारा), किंवा दोन्ही एकाच केंद्रात असलेला कोअॅक्सियल सेंटर बघा. सगळे मधोमधच बसत असतील तर रिसीव्हरमध्ये सेंटर 'नाही' असं लावून आठवडाभर ऐका. कदाचित काहीच घ्यावं लागणार नाही.

दुकानात मात्र टॉवरच्या वायरी स्वतःच्या हाताने काढा. काढू देत नसेल तर उठून या. सेंटरच्या कोनवर, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पापुद्र्यावर, हलकेच बोट ठेवा, वाजत असेल तर थरथर लागते. बाजूला उभे राहून ऐका. मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांना येतो, तो खिशात असू द्या. मॉडेल आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि नंबर वितरकाकडून तपासेपर्यंत आगाऊ रक्कमही नाही.

माझ्याकडून परत नेलेला सेंटर त्याने मोडीत काढला असेल असं मला वाटत नाही. तो पुन्हा एखाद्या टीव्हीखाली मांडलेला असेल. पेटी काळी, चकचकीत. मागच्या बाजूला '८ ओहम' लिहिलेली पट्टी थोडी तिरकी चिकटवलेली आहे आणि तिच्या कडेला जुन्या गोंदाची रेघ दिसते. जाळी काढली की डाव्या वूफरच्या खालच्या स्क्रूचं डोकं झिजलेलं आहे. ट्वीटरभोवतीची कडी पेटीच्या खाचेपेक्षा किंचित लहान असल्यामुळे सगळीकडून बारीक फट राहते, नखाने लागते. असा पीस कुठे दिसला तर फोटो काढा, डेमोचा व्हिडिओ घ्या आणि १९१५ वर कळवा. माझे आतले फोटो आणि वितरकाचं उत्तर कुणालाही तक्रारीसाठी द्यायला मी तयार आहे.